पानावरची भोकं मोजत बसलो होतो, अळी पोंग्यात होती

मका उगवून बारावा दिवस होता, रोपांना चार-चार पानं, आणि सकाळचं तिरपं ऊन पानांच्या मागून येत होतं म्हणूनच ते दिसलं. तिसऱ्या पानावर नखाएवढा पांढुरका चट्टा. भोक नाही, फक्त वरचा हिरवा भाग खरवडून काढलेला आणि खालचा पातळ पापुद्रा तसाच, उन्हासमोर धरला की बारक्या काचेसारखा दिसणारा. उभ्याने चालत गेलो असतो तर दिसलाच नसता. मी गुडघ्यावर बसलो, मधली सुरळी, म्हणजे पोंगा, हळूच उलगडली आणि आत तिळापेक्षा बारीक, फिकट अंगाची, काळ्या डोक्याची अळी, तीसुद्धा एकच नाही, शेजारच्या रोपात आणखी दोन.

मला त्या क्षणी भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं, कारण आदल्या हंगामात हीच गोष्ट मला दिसली नव्हती आणि त्याची किंमत आम्ही पुरती मोजली होती.

तेव्हा मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली होती, काय झालं ते आधी सांगतो. त्या वेळी मी बांधावरून बघायचो. पीक हिरवंगार आहे, उभं आहे, मग ठीक आहे. आठ पानांवर मका आला तेव्हा अचानक सगळी पानं फाटल्यासारखी दिसायला लागली, मोठी वेडीवाकडी भोकं, पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा भरलेली. आम्ही घाबरून दुसऱ्याच दिवशी फवारणी केली, पंप घेऊन सरळ वरून, पानं ओली होतील अशी. पाच दिवसांनी बघितलं तर भोकं तशीच, म्हणून परत तेच औषध, परत तसंच वरून. दुसऱ्या फवारणीनंतर चार-पाच दिवसांत अळी दिसेनाशी झाली आणि आम्ही खूश झालो, बघा औषध लागू पडलं म्हणून. ती मेलेली नव्हती. पूर्ण वाढ झाल्यावर ती पोंग्यातून उतरून मातीत दोन ते आठ सेंटीमीटर खोल कोषात गेली होती, तिची खायची वेळच संपली होती. औषध, मजुरी, दोन दिवसांचं काम, सगळं अशा अळीवर घातलं जिला काही फरक पडणार नव्हता. मला हे नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण कष्ट कमी पडले नव्हते, बघणं कमी पडलं होतं.

म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं की उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात बसून बघायचं. चालत नाही, बसून.

मोजायची पद्धत साधी आहे पण पहिल्यांदा कंटाळा येतो. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचं, कारण कडेचं पीक सगळ्या शेताची गोष्ट सांगत नाही, मग वाकड्यातिकड्या वाटेने, म्हणजे इंग्रजी डब्ल्यू अक्षर काढल्यासारखं, शेताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी सलग वीस रोपं बघायची. शंभर रोपं झाली की जितकी लागण झालेली तितके टक्के, हिशोबच करायला नको. पण लागण झालेलं रोप म्हणजे काय हे नीट ठरवावं लागतं आणि इथेच मी आदल्या वर्षी फसलो होतो. पानावरचं भोक भरून येत नाही. दहा दिवसांपूर्वी खाल्लेलं पान आजही फाटकंच दिसणार, अळी असो नसो. उलट मक्याचं पान आत गुंडाळलेलं असतानाच खाल्लं जातं आणि काही दिवसांनी उलगडून बाहेर येतं, त्यामुळे आज दिसणारं भोक हे मागच्या आठवड्यातलं काम असतं. तेव्हापासून मी जुनी पानं सोडून दिली आणि फक्त दोन गोष्टी बघायला लागलो: सगळ्यात नवीन दोन-तीन पानांवर ताजं खरवडलेलं आहे का आणि पोंग्यात ओली विष्ठा आहे का. वाळलेली विष्ठा आणि जुनं भोक असेल तर ते रोप मोजायचं नाही.

बाराव्या दिवशी शंभरात तीन रोपं निघाली. फक्त तीन.

दादा म्हणाला, "तीनच आहेत तर कशाला डोकं खातोस, पाऊस आला की जातील." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, जोरदार पाऊस बारक्या अळ्या पोंग्यातून धुवून काढतो, हे मी स्वतः बघितलंय. पण पाऊस कधी येईल ते आपल्या हातात नाही आणि अळी कुठली आहे हेच मला अजून माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, मला आधी ओळखू दे, मग फवारायचं की नाही ते बघू."

ओळखणं अवघड का आहे तर ह्या वयात सगळ्या सारख्याच दिसतात. अमेरिकन लष्करी अळीची जी खूण सगळे सांगतात, डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, ती बारीक अळीवर दिसत नाही, अळी साधारण सेंटीमीटरभर होत आली की मग भिंगाने नीट दिसायला लागते. त्यातही उलट्या वायवर एकट्यावर भरवसा ठेवू नये, दुसऱ्या काही अळ्यांच्या डोक्यावरही तशी फिकट रेघ असते. चौकोनातले चार ठिपके जास्त खात्रीचे. बाकीच्या भागांवरही चार ठिपके असतात पण ते चौकोनात नसतात, पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब असे असतात, तेवढा फरक डोळ्यात बसला की मग चूक होत नाही.

मग मी त्या अळ्या घरी आणल्या. आई म्हणाली, "शेतातली कीड घरात कशाला आणतोस रे," पण नंतर रोज सकाळी तीच आधी डब्या उघडून बघायची. पहिल्या दिवशी मी दोन अळ्या एकाच डबीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी एकच उरली, दुसरीचं फक्त डोक्याचं कवच तळाला पडलेलं. ह्या अळ्या एकमेकींना खातात आणि त्यामुळेच एका पोंग्यात सुरुवातीला चार-पाच असल्या तरी शेवटी मोठी एकच सापडते. मग प्रत्येकीला वेगळी डबी, झाकणाला सुईने भोकं, तळाला कागदाचा तुकडा, रोज मक्याचं कोवळं पान आणि डबीवर तारीख. एकूण बारा डब्या झाल्या. ह्या बारा डब्यांनी मला जे शिकवलं ते मला दहा वर्षं शेत करून माहीत नव्हतं.

एक तर खाणं. पहिले सहा-सात दिवस अळी पानावर नुसती ओरखडे काढते, पानाचा तुकडा दोन दिवस पुरतो. अळीच्या वाढीच्या सहा अवस्था असतात, दर दोन-तीन दिवसांनी ती कात टाकते, आणि शेवटच्या दोन अवस्थांत ती जे खाते ते आधीच्या सगळ्या दिवसांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. मी सकाळी वीतभर पान टाकायचो आणि संध्याकाळी शीर तेवढी उरायची. म्हणजे शेतात जेव्हा नुकसान डोळ्यात भरतं तेव्हा अळीचं आयुष्य संपत आलेलं असतं, आणि जेव्हा काही करता येण्यासारखं असतं तेव्हा शेत बांधावरून एकदम चांगलं दिसत असतं. मला वाटतं ह्या किडीबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

दुसरं म्हणजे बारापैकी सगळ्या एकाच जातीच्या नव्हत्या. आठ जणींवर चौकोनी चार ठिपके आले, त्या अमेरिकन लष्करी अळ्या. एक निघाली खोडकिडा, मळकट पांढऱ्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि तपकिरी डोकं, ती डबीत ठेवलेल्या खोडाच्या तुकड्यात शिरून बसायची, पानावर थांबायचीच नाही. एक काही न कळता मेली. एक तर सुरुवातीलाच खाल्ली गेलेली. आणि एकीने तर मला थक्कच केलं, ती पाचव्या दिवशी खायची थांबली, आणि सातव्या दिवशी तिच्या कातडीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरट कोष. तो अळीचा कोष नव्हता. बारीक गांधीलमाशीसारख्या परजीवी कीटकाचा होता, जो लहान अळीच्या अंगात अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू अळीला आतून खाऊन बाहेर येतं. चार-पाच दिवसांनी त्यातून मुंगीएवढी माशी निघाली. आई बघत राहिली, म्हणाली, "म्हणजे आपल्या शेतात आपलं काम करणारं कुणीतरी आहे." ते वाक्य पुढे फवारणी ठरवताना मला सारखं आठवत होतं.

मधल्या काळात शेतात तिसऱ्या-चौथ्या दिवसाला फेरी चालूच होती. ह्या फेऱ्यांत मी अंडी शोधायला शिकलो. मादी पतंग एका जागी शंभर-दोनशे अंडी घालते आणि वर आपल्या अंगावरची करडी लव पसरते, त्यामुळे ती जागा पानावर बुरशी आल्यासारखी दिसते. लहान रोपात बहुतेक वेळा खालच्या पानांच्या मागच्या बाजूला, खोडाजवळ. उन्हाळ्याच्या दिवसात दोन-तीन दिवसांतच ती फुटतात, म्हणजे आठवड्यातून एकदा बघणाऱ्याला ती दिसणं कठीण. पिल्लं आधी अंड्याची टरफलं खातात मग रेशमाच्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याने शेजारच्या रोपांवर जातात, म्हणून सुरुवातीला लागण एका ठिकाणी गोळा झालेली दिसते. अशी जागा सापडली की मधल्या रोपांची पानं उलटून बघायची, पुष्कळदा फुटलेला अंडीपुंज सापडतो. मी न फुटलेले सहा पुंज बोटाने चिरडले. सहा म्हणजे किती कमी वाटतं, पण एकात शंभर धरली तरी सहाशे अळ्या पोंग्यात जायच्या आत गेल्या.

मादीसारख्या वासाने पतंग ओढणारे कामगंध सापळे उगवणीच्या वेळीच लावले होते. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे सापळ्याने कीड कमी होईल ही अपेक्षा चूक, त्याचा उपयोग एवढाच की पतंग आलेत हे कळतं. आणि सापळ्यात अडकलेला प्रत्येक पतंग ह्याच जातीचा नसतो, दुसऱ्या जातीचेही येतात. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका आणि मध्ये तिरकी फिकट खूण असते, ती बघून मोजायचे. आमच्या सापळ्यात पहिले नर आले त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पानावर चट्टे दिसले.

पंधराव्या दिवशी शंभरात सात. आता निर्णय घ्यायचा होता.

कितीला फवारायचं हा आकडा सगळीकडे एक नाही. काही ठिकाणच्या शिफारशीत पहिल्या तीन आठवड्यांसाठी 5 टक्के आणि नंतर 10 टक्के म्हणतात, तर काही मार्गदर्शनात लहान पोंग्याच्या वेळी 20 टक्के आणि मोठ्या पोंग्याच्या वेळी 40 टक्क्यांपर्यंत थांबायला सांगतात, कारण मक्याचं रोप पान गमावूनही सावरतं. पाच-सहा पानांपर्यंत मक्याचा वाढणारा कोंब जमिनीच्या खालीच असतो, वरची पानं फाटली तरी खालून नवी येत राहतात. त्यामुळे फाटलेलं शेत बघून जेवढं पोटात गोळा येतो तेवढं उत्पादन जात नाही, पण अळी पोंगा पोखरत कोंबापर्यंत गेली की मात्र ते रोप गेलं. मी आमच्या भागातल्या शिफारशीचा आकडा धरला आणि माझ्या सात टक्क्यांवर पहिलं पाऊल उचललं, पण रासायनिक नाही. अळ्या सगळ्या सेंटीमीटरच्या आतल्या होत्या, भिंगाखाली तपासलेल्या, आणि त्या वयात बीटी चालतं. बीटी म्हणजे जिवाणूचं औषध, ते अंगाला लागून काही होत नाही, अळीने खाल्लं तरच लागू पडतं, आणि उन्हात लवकर निकामी होतं. म्हणून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, नोझल प्रत्येक पोंग्याच्या तोंडावर आणून थेट आत फवारलं. शेतभर पाऊस पाडल्यासारखं नाही. ह्याला वेळ दुप्पट लागतो पण औषध जिथे अळी आहे तिथे जातं, आणि बांधावरच्या, पानांवरच्या त्या बारीक माश्या वाचतात.

बीटीने अळी लगेच मरत नाही, आधी खायची थांबते. दुसऱ्या दिवशी दादाने पोंगा उघडून अळी जिवंत बघितली आणि म्हणाला, "काहीच नाही झालं," मी म्हटलं थांब दोन दिवस. चौथ्या दिवशी मोजलं तर ताजं खाणं शंभरात चार रोपांत.

आता मधेच एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे कारण त्याच आठवड्यात शेताच्या एका कोपऱ्यात सात-आठ रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली दिसली आणि माझ्या डोक्यात लगेच लष्करी अळीच. पण पोंगे साफ होते, विष्ठा नाही, चट्टे नाहीत. तो कोपरा तणाचा होता. कापलेल्या रोपाच्या बुडाशी खुरप्याने तीन-चार सेंटीमीटर माती हलवली तर करडी, तेलकट दिसणारी जाड अळी निघाली आणि हात लागताच अंगाची गुंडाळी करून पडली. ही रोपं कुरतडणारी अळी, दिवसा मातीत आणि रात्री वर. हिच्यासाठी पोंग्यात कितीही औषध घाला, ती तिथे नाहीच. दोन संध्याकाळी टॉर्च घेऊन त्या कोपऱ्यात फिरलो आणि जेवढ्या सापडल्या तेवढ्या वेचल्या, तण काढलं, आणि तेवढ्यावर ते थांबलं. कापलेल्या रोपांपैकी काही परत फुटली, कारण कोंब जमिनीखाली शाबूत होता. मी ती उपटून टाकणार होतो, बरं झालं थांबलो.

आणि शेजारचे काका. त्यांच्या ज्वारीत मधला पोंगा वाळायला लागला होता, ते म्हणाले, "तुझ्या मक्यातनंच आलीय बघ अळी माझ्याकडं." मी जाऊन एक वाळलेला पोंगा ओढला, तो सहज हातात आला आणि त्याला घाण वास. आत फिकट पिवळसर अळी होती पण तिला पाय नाहीत, डोकंही नीट दिसत नाही. ती खोडमाशी, म्हणजे माशीची अळी, पतंगाची नाहीच. पोंगेमर दिसली म्हणजे खोडकिडाच असं धरून लोक चालतात, पण खोडकिड्याच्या अळीला डोकं आणि पाय स्पष्ट असतात आणि त्याच्या आधी पानावर एका ओळीत आडवी बारीक भोकं दिसतात, कारण तो गुंडाळलेल्या पानाला आरपार भोक पाडतो आणि पान उघडलं की एका भोकाची चार-पाच भोकं ओळीने दिसतात. अमेरिकन लष्करी अळीची भोकं अशी शिस्तीत नसतात. काकांना मी म्हटलं, "काका, तुम्ही माझ्याकडचं औषध मारू नका, ते ह्या अळीसाठी नाहीच, आणि आता वाळलेले पोंगे तर हिरवे होणार नाहीत." त्यांना पटायला वेळ लागला, पण भिंगातून बिनपायाची अळी बघितल्यावर ते गप्प झाले आणि मग स्वतःच दहा-बारा पोंगे ओढून बघितले.

भिंगावरून आठवलं, पाय मोजायची सवय फार कामाची. खऱ्या पतंगाच्या अळीला पुढे छातीला तीन जोड्या खरे पाय आणि मागे पोटाला मऊ पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. पोटाला सहा किंवा जास्त जोड्या मोजल्या तर ती पतंगाची अळी नाही, करवतमाशीची आहे, आणि बीटीची जी जात अळ्यांसाठी विकतात ती तिच्यावर चालत नाही. गव्हासारख्या पिकात ह्याचा उपयोग होतो. आणि गहू, भात, मका सगळ्यात येणारी जी दुसरी जुनी लष्करी अळी आहे तिच्या अंगावर लांब पट्टे असतात, ती दिवसा ढेकळाखाली किंवा पोंग्यात लपते आणि रात्री पान कडेकडून खात शिरेपर्यंत येते. ती झुंडीने एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते म्हणून तिला ते नाव, पण नवीन अमेरिकन अळी मूळची अमेरिका खंडातली, 2016 मध्ये आफ्रिकेत आणि 2018 मध्ये भारतात नोंदली गेली, आणि तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरसुद्धा जाऊ शकतो. म्हणून शेजारच्याकडून आली का ह्या भांडणात काही अर्थ नाही.

चोविसाव्या दिवशी मोजलं आणि माझं तोंड उतरलं, शंभरात तेरा. पोंगे उघडून बघितले तर पाचेक रोपांत अळी दीड सेंटीमीटरची, म्हणजे बीटीच्या वेळी जी वाचली किंवा नंतर फुटलेल्या अंड्यांतली. ह्या वयाला बीटीवर विसंबणं मला बरोबर वाटलं नाही. रासायनिक वापरायचं ठरवलं, फक्त लागण असलेल्या पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूला, सगळ्या शेतात नाही. लेबल नीट वाचून, मका आणि हीच अळी लिहिलंय ना ते बघून, लिहिलेलीच मात्रा. आणि लेबलवर औषधाचा गट क्रमांक असतो, म्हणजे ते किडीवर कोणत्या पद्धतीने काम करतं त्याचा आकडा, तो पण लिहून ठेवला, क्लोरँट्रानिलीप्रोल गट 28, स्पिनेटोरम गट 5, इमामेक्टीन बेंझोएट गट 6, कारण आदल्या वर्षी आम्ही तेच ते दोनदा मारलं होतं आणि ह्या किडीने जगभर अनेक औषधांना दाद द्यायची बंद केलीय. बियाण्याला जे औषध लावलेलं असतं त्याचा गट सुद्धा मोजायला पाहिजे, आमच्या बियाण्याला गट 28 मधलं होतं हे पिशवीवर वाचलं म्हणून मी ह्या वेळी दुसरा गट घेतला. बियाण्याचं संरक्षण साधारण दोन-तीन आठवडे टिकतं, ते संपायच्या सुमारासच लागण वाढली हे वहीत तारखा बघितल्यावर लक्षात आलं.

सकाळी लवकर, वारा नसताना, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पोंग्याच्या तोंडात थेट. जिथे विष्ठेचं बूच घट्ट बसलं होतं तिथे आधी बोटाने ते मोकळं केलं, हे हळू काम आहे पण त्याशिवाय औषध खाली जातच नाही, आदल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. जनावरांना त्या पट्ट्यातलं पान घालायचं नाही म्हणून काठ्या रोवून चिंधी बांधली, घरात सगळ्यांना दाखवलं.

चार दिवसांनी दोन. त्या दोनपैकी एका पोंग्यात अळी पांढऱ्या बुरशीने कडक झालेली होती, दुसऱ्या दिवशी ती फिकट हिरवी पडली, तीही मी मोजणीत धरली नाही.

पोंग्यात वाळू किंवा माती टाकायचं सुद्धा मी एका ओळीत करून बघितलं, बरेच लहान शेतकरी करतात. लहान अळीला खडबडीत मातीचा त्रास होतो असं दिसलं पण मोठ्या शेताला माणूसबळ पुरत नाही आणि कोरडी माती लगेच खाली सरकते, त्यामुळे माझं मत असं की चार गुंठ्याला ठीक, आमच्याएवढ्याला नाही. निंबोळी अर्क मी वापरला नाही, अंडी आणि पहिल्या अवस्थेसाठी तो चालतो आणि पुढच्या वेळी बीटीच्या आधी त्याची एक फवारणी करायचा विचार आहे. आणि कडेला दोन ओळी चवळी घालायची आहे, आफ्रिकेत इसीपे संस्थेने खोडकिड्यासाठी मक्यात डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती आणि भोवती चाऱ्याचं गवत लावायची जी पद्धत बसवली ती वाचल्यापासून डोक्यात आहे, आमच्याकडे तेच जमेल असं नाही पण मिश्र पिकाने सुरुवात करू.

तेहेतिसाव्या दिवशी पुन्हा सहा रोपांत ताजं खाणं दिसलं. दादा पंप धुवून तयार ठेवून होता. रोपं तेव्हा नऊ-दहा पानांची, जाड खोडाची झालेली, नवीन उलगडणारं पान वरच्या अर्ध्या भागात साफ, आणि आम्ही धरलेल्या 10 टक्क्यांच्या खाली. मी म्हटलं, "आज नको, तीन दिवसांनी परत मोजू." तो काही बोलला नाही पण पंप परत भिंतीला टेकवला. तीन दिवसांनी पाच. मग तीन. मग आम्ही तो पंप आत ठेवून दिला.

डब्यांतल्या आठपैकी पाच अळ्या कोषात गेल्या होत्या, मातीचा थर दिलेल्या डबीत, तांबूस तपकिरी गुळगुळीत कोष. नवव्या रात्री आईने हाक मारली, एका डबीत पतंग निघाला होता. करडा, पंखावर ती पांढरी टोकाची खूण नाही, म्हणजे मादी. तिला मारायचं की बघायचं ह्यावर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, मग झाकण घट्ट लावलं आणि डबी फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सापळा बघायला गेलो तेव्हा त्यात अकरा नर होते, आणि वहीत पुढच्या पंधरवड्याच्या तारखा लिहून घेतल्या.